वाळक्या फळात दडलेली बुरशी

पिकत आलेल्या पीचवर एखाद्या संध्याकाळी लहानसा तपकिरी ठिपका दिसतो. हवा उबदार आणि दमट असेल, तर दुसऱ्या दिवशी तो रुपयाएवढा होतो आणि आणखी दोन-तीन दिवसांत सबंध फळ तपकिरी पडते. मग सालीवर राखेच्या रंगाचे बारीक गुच्छ उगवतात. फळाला बोट लावले तरी त्यातून धुरळा उडतो. हा धुरळा म्हणजे बुरशीचे लक्षावधी बीजाणू. वाऱ्याने, पावसाच्या थेंबांनी आणि किड्यांच्या पायांनी ते शेजारच्या फळांवर पोचतात. तोडणीला आठवडा उरला असताना पाऊस आला, तर वर्षभराची मेहनत झाडावरच कुजून जाते.

या रोगाला इंग्रजीत 'ब्राउन रॉट' म्हणतात. आपण त्याला 'तपकिरी कूज' म्हणू. पीच (जुन्या मराठीत सप्ताळू), जर्दाळू, आलुबुखार, चेरी या सगळ्या आठळीच्या फळांवर तो पडतो. ही फळे महाराष्ट्रात फारशी होत नाहीत. तरीही या रोगाच्या अभ्यासाचा इतिहास आपण पाहावा असा आहे. 'हा रोग आला कोठून?' या प्रश्नाचे उत्तर मिळवायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षे का लागली, ते उत्तर मिळाल्यावर शेतकऱ्याच्या हाती काय आले आणि मिळालेले ज्ञान मागे पडले तेव्हा काय झाले, हे सारे या एका रोगाच्या कहाणीत पाहायला मिळते.

नाव आधी, कारण नंतर

कुजलेल्या फळावरची ही बुरशी शास्त्रज्ञांच्या नजरेत फार पूर्वीच आली होती. जर्मनीतील गॉटिंगेन येथे राहणारे कवकतज्ज्ञ क्रिस्तियान पेर्सून यांनी १७९६ मध्ये तिचे वर्णन केले आणि १८०१ मध्ये तिला 'मोनिलिया फ्रुक्टिजेना' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'मोनिले' म्हणजे कंठी किंवा माळ. सूक्ष्मदर्शकाखाली या बुरशीचे बीजाणू मण्यांच्या माळेसारखे एकापुढे एक ओवलेले दिसतात, म्हणून हे नाव. १८१८ मध्ये एरेनबेर्ग यांनी अशाच एका बुरशीची नोंद केली. तिचे आजचे नाव 'मोनिलिनिया लॅक्सा' आहे.

परंतु नाव दिल्याने कारण कळले असे होत नाही. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी होती, की फळ आधी कुजते आणि कुजल्यामुळे त्यावर बुरशी येते. कार्य आणि कारण यांची ही उलटापालट केवळ पीचपुरती नव्हती. १८४५ मध्ये युरोपात बटाट्यावर करपा पडला आणि आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ आला, तेव्हाही बटाटे खराब हवेने कुजले आणि बुरशी मागाहून आली असे मानणारे विद्वान पुष्कळ होते. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६१ मध्ये निरोगी झाडांवर बीजाणू टाकून रोग उत्पन्न करून दाखवला. तेव्हापासून वनस्पतींच्या रोगांकडे पाहण्याची दृष्टी बदलत गेली.

बुरशी हे कारण आहे हे मान्य केले, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. पीचचे झाड हिवाळ्यात निष्पर्ण असते. त्यावर ना फूल, ना फळ. मग वसंत ऋतू येईपर्यंत ही बुरशी असते कोठे?

अर्विन स्मिथ आणि 'ममी'

हा प्रश्न नेटाने विचारला गेला तो अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे रेल्वेचे जाळे पसरले, बर्फाने थंड ठेवलेले डबे आले आणि पीचचा व्यापार झपाट्याने वाढला. डेलावेअर आणि मेरिलँड या राज्यांत विस्तीर्ण बागा उभ्या राहिल्या. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात सॅम्युएल रम्फ या बागायतदाराने 'एल्बर्टा' हे आपल्या पत्नीचे नाव दिलेले पीचचे वाण तयार केले. या पिवळ्या गराच्या, प्रवासात टिकणाऱ्या फळाने जॉर्जियाचे पीच उत्तरेतल्या मोठ्या शहरांत नेऊन पोचवले. मात्र बागा जितक्या मोठ्या आणि दाट, तितकी रोगाला संधी अधिक. शिवाय पेटीत गेलेले एक रोगट फळ वाटेत शेजारच्या फळांनाही नासवी. नुकसान आता एका परसातल्या झाडाचे राहिले नव्हते. बागायतदार, अडते आणि रेल्वे अशा सर्वांचेच ते झाले होते.

अर्विन स्मिथ हे अमेरिकेच्या कृषिखात्यातील तरुण शास्त्रज्ञ. जीवाणूंमुळेही वनस्पतींना रोग होतात हे पुढे ज्यांनी आग्रहाने सिद्ध केले, तेच हे स्मिथ. १८८० च्या दशकात ते पीचवरील 'यलोज' नावाच्या वेगळ्याच रोगाचा अभ्यास करण्यासाठी बागांमधून हिंडत होते. त्या भटकंतीत तपकिरी कूजही त्यांच्या नजरेखालून गेली. १८८९ मध्ये त्यांनी 'पीचची कूज आणि करपा' या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. वसंतात फुले करपतात, कोवळ्या फांद्या शेंड्याकडून वाळतात आणि उन्हाळ्यात फळे कुजतात, ही निरनिराळी वाटणारी लक्षणे एकाच बुरशीची आहेत, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

त्यांचे दुसरे निरीक्षण होते वाळक्या फळांविषयीचे. कुजलेले पीच नेहमीच गळून पडते असे नाही. पुष्कळदा ते झाडालाच चिकटून राहते, आतले पाणी उडून जाते आणि साल सुरकुतून काळपट पडते. आठळीभोवती चामड्यासारखी चिवट गाठ तेवढी उरते. इजिप्तमध्ये जतन केलेल्या प्रेतांना ममी म्हणतात, त्यावरून या फळांनाही 'ममी' हे नाव पडले. बागायतदाराच्या दृष्टीने ही ममी म्हणजे निव्वळ कचरा. प्रत्यक्षात मात्र ती बुरशीच्या तंतूंनी गच्च भरलेली कोठी असते. वसंतात पाऊस पडला आणि ती ओली झाली, की तिच्यावर पुन्हा करडे गुच्छ उगवतात आणि जवळच्या फुलांवर बीजाणू पडतात. म्हणून या ममी गोळा करून नष्ट कराव्यात, असे स्मिथ यांचे सांगणे होते.

मातीतले पेले

आता यात एक अडचण होती. काही बागांतील झाडांवर एकही ममी लटकलेली नसे, तरीही वसंतात फुले करपत. म्हणजे बुरशीचे आणखी एखादे ठिकाण असणार.

याचा सुगावा रशियन शास्त्रज्ञ मिखाईल वोरोनिन यांच्या कामातून लागला. त्यांनी रानबोरांच्या जातीच्या काही फळांवरील अशाच बुरशींचा अभ्यास १८८८ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्या बुरशी आयुष्यात दोन रूपे घेतात, असे त्यांना आढळले. एका रूपात त्या मण्यांच्या माळेसारखे अलैंगिक बीजाणू तयार करतात. दुसऱ्या रूपात जमिनीवर पडलेल्या वाळक्या फळातून देठ असलेला, पेल्याच्या आकाराचा एक अवयव वर येतो आणि त्यात लैंगिक प्रजननातून बीजाणू निर्माण होतात. एकाच जीवाची ही दोन रूपे इतकी वेगळी दिसतात, की त्यांना दोन स्वतंत्र नावे देण्याची चूक सहज व्हावी. सुरवंट आणि फुलपाखरू यांची सांगड ज्याने कधी घातलेली नाही, त्याने त्यांना दोन प्राणी समजावे तसेच हे.

या साधर्म्यावरून जर्मन शास्त्रज्ञ श्रोटर यांनी १८९३ मध्ये असे मांडले, की फळांवरच्या मोनिलियालाही असे पेल्याचे रूप असले पाहिजे. त्यांनी तिला त्या गटात बसवूनही टाकले. गंमत अशी, की फळांवरील मोनिलियाचा पेला त्यांनी पाहिलेला नव्हता. हे भाकीत होते. ते खरे ठरायला आणखी नऊ वर्षे जावी लागली.

१९०२ च्या वसंतात मेरिलँडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ जे. बी. एस. नॉर्टन यांना पीचच्या बागेत, आदल्या हंगामात पडून मातीत अर्धवट गाडल्या गेलेल्या ममींमधून वर आलेले तपकिरी रंगाचे पेले सापडले. त्यांची रुंदी सुमारे एक सेंटिमीटर. प्रत्येक पेल्याच्या आतल्या बाजूला हजारो सूक्ष्म पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू. पेला पक्व झाला, की हे बीजाणू जोराने हवेत उडवले जातात. असंख्य पिशव्या एकदम फुटल्या, तर धुराचा लोट निघाल्यासारखे नुसत्या डोळ्यांनीही दिसते. नेमक्या याच दिवसांत वर झाडावर फुले उमललेली असतात. नॉर्टन यांनी या पेल्यांचा संबंध फळांवरच्या करड्या बुरशीशी जोडला आणि हरवलेला दुवा मिळाला.

हे पेले इतकी वर्षे कोणालाच का दिसले नाहीत? अमेरिकेतील शेकडो बागांत ते दर वसंतात उगवत असणार. पण त्यांचा रंग मातीसारखा, आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे, आणि तेही ममी ओल्या मातीत न हलता पडून राहिली तरच. शिवाय रोगाची आठवण सर्वांना व्हायची ती उन्हाळ्यात, फळे कुजू लागल्यावर. तेव्हा सगळ्यांच्या नजरा झाडावर असत. उत्तर मात्र होते वसंतात आणि जमिनीवर.

त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे हे पेले एकाने पाहिले होते! गेओर्ग विंटर या जर्मन तज्ज्ञांनी अमेरिकेतून आलेल्या, कुजक्या पीचवरील एका पेलेदार बुरशीचे वर्णन १८८३ मध्येच करून तिला 'फ्रुक्टिकोला', म्हणजे फळात राहणारी, असे नाव दिले होते. पण बागेतल्या रोगाशी तिचा काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. नमुना कपाटात राहिला आणि रोग बागेत.

मोरचूद चालेना

नॉर्टन यांच्या शोधामुळे बागायतदाराला प्रथमच एक स्पष्ट कार्यक्रम मिळाला. झाडावरच्या ममी हिवाळ्यात छाटणीच्या वेळी काढायच्या. करपलेल्या फांद्या कापायच्या. जमिनीवर पडलेल्या ममी उचलायच्या. ते शक्य नसेल, तर फुलोऱ्याआधी मशागत करून पेले मोडायचे. यांतल्या कशालाही औषध लागत नव्हते.

तथापि एवढ्याने भागत नसे. शेजारच्या बेवारस झाडावरून बीजाणू येतच. तेव्हा फवारणीही हवी होती. आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार ज्याला 'बोर्डो' म्हणतात, ते मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण तेव्हा जगभर गाजत होते. फ्रान्समधील बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी ते पुढे आणले होते. साहजिकच पीचवरही तांब्याची मिश्रणे मारून पाहण्यात आली. पण पीचच्या पानांना तांबे सोसत नाही. पानांना भोके पडतात आणि ती गळून जातात. द्राक्षाला तारणारे औषध पीचला मारक ठरले.

मग गंधकाचा विचार झाला. गंधक आणि पीच यांचे नाते जुने आहे. १८२१ मध्येच जॉन रॉबर्टसन यांनी पीचवरच्या भुरी रोगावर साबणाच्या पाण्यात कालवलेल्या गंधकाचा उपाय सांगितला होता. पुढे कॅलिफोर्नियात, मेंढ्यांच्या खरजेवर वापरले जाणारे चुना-गंधकाचे उकळलेले द्रावण १८८६ च्या सुमारास फळझाडांवरील खवले किडीवर वापरले जाऊ लागले. मात्र ते हिवाळ्यात, निष्पर्ण झाडावरच. उकळल्यामुळे त्यात गंधकाची विद्राव्य संयुगे तयार होतात आणि पानांवर पडली तर ती पाने जाळतात.

ही कोंडी फोडली ती अमेरिकन कृषिखात्यातील डब्ल्यू. एम. स्कॉट यांनी, आणि त्यामागचे रसायनशास्त्र शालेय पुस्तकातलेच आहे. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले, की तो विरतो आणि भरपूर उष्णता बाहेर पडते. स्कॉट यांनी विस्तवावर काही ठेवलेच नाही. कळीच्या चुन्यावर गंधकाची पूड टाकून पाणी घातले आणि चुन्याच्या स्वतःच्या उष्णतेनेच मिश्रण काही मिनिटे उकळू दिले. नंतर लगेच थंड पाणी ओतून ही क्रिया थांबवली. त्यामुळे गंधकाचा अगदी थोडा भाग विद्राव्य झाला आणि बाकीचा बारीक कणांच्या रूपात चुन्याबरोबर तरंगत राहिला. हे मिश्रण फळाला व पानाला चिकटते, बुरशीला रोखते आणि पान जाळत नाही. गार पाणी घालायला उशीर झाला, तर मात्र विद्राव्य संयुगे वाढतात आणि पाने पोळतात. चुना आठ पौंड, गंधक आठ पौंड आणि पाणी पन्नास गॅलन, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३.६ किलो आणि १९० लिटर पाणी, हे प्रमाण पुढे रूढ झाले.

१९१० मध्ये स्कॉट आणि त्यांचे सहकारी टी. विलार्ड एअर्स यांनी आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत आणखी एक महत्त्वाचा धागा होता. 'प्लम कर्क्युलिओ' नावाचा सोंडकिडा कोवळ्या फळाला भोक पाडून अंडी घालतो आणि त्या जखमेतून बुरशी आत शिरते. म्हणजे बुरशी रोखायची तर किड्यालाही आवरले पाहिजे. त्यासाठी त्यांनी सुरुवातीच्या फवारण्यांत शिशाचे आर्सेनेट वापरले आणि फळे पिकण्याच्या सुमारे एक महिना आधीची शेवटची फवारणी नुसत्या चुना-गंधकाची ठेवली. पीचच्या धंद्याला या पद्धतीने मोठा आधार दिला. त्याची किंमतही होती. शिसे आणि आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. ती विघटन पावून नाहीशी होत नाहीत. जुन्या फळबागांच्या मातीत ती आजही सापडतात. अमेरिकेत या कीटकनाशकाचा वापर अधिकृतपणे बंद झाला तो १९८८ मध्ये.

एक रोग, तीन बुरश्या

दरम्यान नावांचा घोळ चालूच होता. अमेरिकेतली आणि युरोपातली तपकिरी कूज एकाच बुरशीची, असेच बरेच दिवस मानले जाई. इंग्लंडमधील एच. वर्माल्ड यांनी १९२० च्या सुमारास या बुरश्या शेजारी शेजारी वाढवून बारकाईने तपासल्या, तेव्हा अमेरिकेतली बुरशी युरोपातल्यांपेक्षा वेगळी असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. १९२८ मध्ये हनी यांनी या गटासाठी 'मोनिलिनिया' ही प्रजाती सुचवली. आज मुख्यतः तीन जाती मानल्या जातात. सफरचंद आणि नासपतीवर अधिक आढळणारी 'फ्रुक्टिजेना', जर्दाळू-चेरीचा मोहर करपवणारी 'लॅक्सा', आणि पीचची मोठी शत्रू असलेली अमेरिकेतील 'फ्रुक्टिकोला'. हे शेवटचे नाव म्हणजे विंटर यांनी १८८३ मध्ये दिलेलेच. कपाटातल्या नमुन्याला अखेर न्याय मिळाला!

हा काथ्याकूट केवळ विद्वानांचा वाटेल, पण तसे नाही. मातीतले पेले सहज आढळतात ते फ्रुक्टिकोलाचे; इतर दोघींचे क्वचितच दिसतात. म्हणजे जमिनीवरच्या ममींना किती महत्त्व द्यायचे, हे जातीवर अवलंबून असते. दुसरे असे, की जाती वेगळ्या आहेत हे कळल्याशिवाय 'ती आमच्या देशात येऊ देऊ नका' असा नियमच करता येत नाही. युरोपीय देशांनी फ्रुक्टिकोलाला अनेक वर्षे अशा नियमांनी दूर ठेवण्याचा प्रयत्न केला. तरी २००१ मध्ये ती फ्रान्समधील बागांत सापडली, नंतर स्पेन आणि इटलीतही पोचली. तिला सीमेवर रोखण्याचा नियम पुढे युरोपीय संघाला मागे घ्यावा लागला.

बेनोमिलचा धडा

१९५० च्या दशकात कॅप्टानसारखी सेंद्रिय बुरशीनाशके आली आणि चुना-गंधक मागे पडले. १९७० च्या सुमारास 'बेनोमिल' बाजारात आले. गंधक किंवा कॅप्टान फळाच्या पृष्ठभागावर राहून बुरशीला आत शिरताना अडवतात. बेनोमिल वनस्पतीच्या आत शोषले जाते. थोडेसे औषध, पानाला इजा नाही आणि परिणाम थक्क करणारा. अशा वेळी हिवाळ्यात बागेत हिंडून वाळकी फळे वेचायला मजूर कोण लावणार? स्मिथ आणि नॉर्टन यांचे ज्ञान पुस्तकांत राहिले आणि बऱ्याच बागांत सारा भरवसा एका औषधावर जाऊन बसला.

१९७६ च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन आणि ऑस्ट्रेलिया येथून सारख्याच बातम्या आल्या. बेनोमिल मारूनही फळे कुजत होती. बुरशी औषधाला दाद देईनाशी झाली होती.

असे का झाले, ते समजणे अवघड नाही. बेनोमिल बुरशीच्या पेशीत एकाच जागी काम करते. पेशीविभाजनाच्या वेळी लागणाऱ्या सूक्ष्म नलिका ज्या प्रथिनापासून बनतात, त्या ट्यूब्युलिनला ते चिकटते आणि विभाजन अडते. या प्रथिनाच्या साखळीतील १९८ व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल बदलले, तरी औषध तेथे नीट चिकटू शकत नाही. एका कुजलेल्या फळावर लक्षावधी बीजाणू असतात. त्यांतल्या एखाद्यात असा बदल योगायोगाने आधीच झालेला असू शकतो. औषध बाकीच्यांना मारते आणि याला रान मोकळे करून देते. हीच डार्विनची नैसर्गिक निवड. फक्त लाखो वर्षांऐवजी चार-सहा हंगामांत घडलेली. औषधाने बुरशीला 'सवय' लागली असे आपण बोलताना म्हणतो, ते चूक आहे. एखादा बीजाणू औषध पचवायला शिकत नाही. ज्याच्यावर परिणाम होत नाही, त्याचीच संतती उरते. हा फरक विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

बेनोमिलच्या उत्पादक कंपनीने ते २००१ मध्ये बाजारातून काढून घेतले. आपला याच्याशी जवळचा संबंध आहे. बेनोमिल पाण्यात मिसळल्यावर आणि झाडात गेल्यावर त्याचे रूपांतर ज्या पदार्थात होते, तो कार्बेन्डाझिम. हे नाव आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

बेनोमिलनंतर दुसऱ्या गटातली औषधे आली आणि तोच प्रकार पुन्हा घडला. जॉर्जियातील बागांत प्रोपिकोनाझोल या औषधाला न जुमानणारी फ्रुक्टिकोला आढळली. २००८ मध्ये तिच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध ज्या विकरावर घाव घालते, त्याच्या जनुकाच्या आधी ६५ अक्षरांचा एक छोटा डीएनए-तुकडा येऊन बसला होता. त्यामुळे ते विकर नेहमीपेक्षा जास्त तयार होत होते आणि औषध अपुरे पडत होते. पहिल्या वेळी बुरशीने कुलूप बदलले होते. या वेळी तिने कुलपांची संख्याच वाढवली.

गंधकाला मात्र या बुरशीने अजून धूप घातलेली नाही असे म्हणण्याऐवजी, तिला गंधकापासून सुटका मिळवता आलेली नाही असे म्हणू. गंधक पेशीत एका जागी नव्हे, अनेक जागी एकाच वेळी काम करते. इतके सारे बदल एका बीजाणूत एकदम जुळून येणे जवळजवळ अशक्य. त्याची ताकद कमी, पण ती दोनशे वर्षे टिकली आहे.

आज बागेत काय करतात?

आजची शिफारस पाहिली, तर ती या साऱ्या इतिहासाची बेरीज वाटते. हिवाळ्यात ममी आणि वाळक्या फांद्या काढणे. झाडाची छाटणी अशी करणे, की आत हवा-ऊन खेळेल आणि पावसानंतर फळे लवकर सुकतील. फळे एकमेकांना टेकणार नाहीत अशी विरळणी. किड्यांचा बंदोबस्त. फवारणी मुख्यतः दोन नाजूक वेळी, फुलोऱ्यात आणि फळे पिकण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत. आणि ती करताना एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा न वापरता गट आलटून पालटून. यासाठी औषधांना आता क्रमांकही दिलेले असतात. शेवटी तोडलेली फळे लगेच थंड करणे, कारण शून्य अंशाच्या जवळ ही बुरशी जेमतेमच वाढते. हिरव्या फळात शिरून ती निमूट पडून राहू शकते आणि फळ पिकल्यावर बाहेर येते. म्हणून वरून निरोगी दिसणाऱ्या फळावरही विश्वास टाकता येत नाही.

या यादीत औषध आहे, पण ते एकटे नाही. झाडावरच्या आणि मातीतल्या ममी जितक्या कमी, तितके वसंतातले बीजाणू कमी. बीजाणू कमी, तर औषधाला न जुमानणारा एखादा त्यांत असण्याचा संभवही कमी. म्हणजे बागेची सफाई औषधाचे आयुष्यही वाढवते. १८८९ मधला सल्ला आणि आजचे जनुकशास्त्र असे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

वर्गासाठी

पीचची बाग आपल्याजवळ नसली तरी या इतिहासातला प्रश्न आपल्या गावात विचारता येईल. कुजू लागलेले एखादे लिंबू किंवा संत्रे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून तोंड घट्ट बांधावे. पिशवी उघडू नये, कारण बीजाणूंचा काहींना त्रास होतो. डाग रोज किती मिलिमीटर वाढला, बुरशीचा रंग केव्हा बदलला, याची नोंद मुलांनी दहा दिवस ठेवावी आणि आलेख काढावा. एक पिशवी बाहेर आणि दुसरी शीतकपाटात ठेवली, तर तापमानाचा परिणामही दिसेल.

नंतर गावातल्या एखाद्या पिकाचा मुलांच्या ओळखीचा रोग घ्यावा, मग ते द्राक्ष असो, डाळिंब असो की परसातले वांगे. तो रोग दिसतो केव्हा, हे मुले लगेच सांगतील. त्यांना विचारावे, 'पीक शेतात नसते तेव्हा हा रोग कोठे असतो?' बहुतेक वेळा उत्तर येणार नाही. मग वहीपेन्सिल घेऊन, रोगाचा हंगाम नसताना, त्यांना शेतात न्यावे. नॉर्टन यांनी १९०२ च्या वसंतात केले होते ते एवढेच.